चौऱ्याहत्तर नंबरची आक्का

१

दिवाळीच्या सुटीत शाळा रिकामी पडते, म्हणून त्र्याहत्तर साली भिवंडीतलं मोतीबिंदूचं शिबिर शाळेत भरलं. शिबिरात कुणाला कोणता नंबर द्यायचा, हे काम केसरीनाथ भोईरनं अक्षरशः भांडून मागून घेतलं. लोक अशा वेळी स्वयंपाकाची जबाबदारी मागतात, नाहीतर उद्घाटनाला पुढची खुर्ची मागतात. नंबर वाटायचं रटाळ काम मागणारा हा पहिलाच गडी.

केसरीनाथ राहायला पूर्ण्याला आणि नोकरीला भिवंडीत, एका लूमच्या कारखान्यात. लूमवरून उतरलेला कापडाचा प्रत्येक ताका त्याच्या टेबलावर यायचा आणि तो त्यावर नंबराचा ठसा मारायचा. वीस वर्षं हेच. तेवढ्या वर्षांत डोक्यावरचे केस गेले, पण एका नंबराचे दोन ताके त्याच्या हातून कधी बाहेर पडले नाहीत. घोळ कसा होतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं. टेबलं दोन असतात आणि नंबरांची माळ एक. हा विचारतो, "शेवटचा किती झाला?" तो म्हणतो, "चाळीस." विचारणं आणि ठसा मारणं यांच्यामध्ये एक श्वास जातो ना, तेवढ्यात दोघंही एक्केचाळीस मारून मोकळे होतात. गंमत म्हणजे खोटं कुणीच बोललेलं नसतं.

म्हणून शिबिरात कुणी कुणाला विचारायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. कारखान्यातून ठशाचं जुनं मशीन मागून आणलं. दर दोन ठशांनी त्यातला आकडा आपोआप पुढे सरकायचा. घरी बसून त्यानं प्रत्येक नंबराचे दोनच ठसे मारले: एक केसपेपरवर डकवायच्या चिठ्ठीवर, दुसरा पेशंटच्या कपाळाला लावायच्या चिकटपट्टीवर. दोन्ही एकत्र टाचून ठेवले. विषम नंबर पुरुषांच्या टेबलावरच्या डब्यात, सम नंबर बायकांच्या टेबलावरच्या डब्यात. पुरुषांच्या टेबलावर शाळेतलेच अनंता गुरुजी बसले, बायकांच्या टेबलावर केसरीनाथ स्वतः. डब्यातून वरची चिठ्ठी उचलायची आणि द्यायची. एकदा उचललेला नंबर जगात दुसरा नाहीच, तर दोनदा जाईल कसा?

"भोईर, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं," अनंता गुरुजी म्हणाले.

"नको गुरुजी. दोन पोरांना सारखे मार्क द्यायची पाळी आली असती तर मला जेवण गेलं नसतं."

२

आता त्याच्या या वेडाचं कारण सांगतो. केसरीनाथला आईचा चेहरा आठवत नाही. त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, हौसाआक्कानं. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली, आणि तिनं या धाकट्या भावालाच आपलं पोर केलं. त्याला शाळेत घातलं, त्याच्यासाठी चंद्रा पसंत करून आणली, लग्नात स्वतः नाचली. साठीला आली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. दोन वर्षं झाली, तिला नुसता उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही.

मागच्या वर्षी पडघ्याला असंच एक शिबिर भरलं होतं. तिथे दोन टेबलं होती आणि एकतीस नंबर दोन बायकांना गेला. दुसरीचं ऑपरेशन आधी झालं. आक्काची पाळी आली तेव्हा वहीत एकतीससमोर खूण होती. "तुमचं झालंय, मावशी," म्हणून तिला टेबलाजवळूनच परत पाठवलं. घोळ उलगडेपर्यंत डॉक्टर मुंबईला निघून गेले होते. केसरीनाथ त्या दुसऱ्या बाईला शोधायला गेला. तिचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण वहीत एकतीससमोर हौसाचं नाव होतं. तिसऱ्या दिवसापासून ती तिथे नव्हतीच. डोळ्यांवरची पट्टी घेऊन बाई कुठे गेली, ते कुणालाही सांगता आलं नाही.

यंदाच्या शिबिरात तपासणी झाल्यावर डॉक्टर आक्काला म्हणाले, "मावशी, आता उशीर केलात तर हा डोळा माझ्याही हातात राहणार नाही." म्हणजे हीच शेवटची संधी. केसरीनाथनं स्वतःच्या हातानं डब्यातून वरची चिठ्ठी उचलली. चौऱ्याहत्तर. मशीनमधल्या चाराच्या पायाचा टवका उडालेला होता, त्यामुळे तो चार जरा लंगडा उठायचा. ती पट्टी त्यानं आक्काच्या कपाळावर चिकटवली आणि अंगठ्यानं दाबली.

"हलू नको," तो म्हणाला.

"मी कुठं चालले रं?" आक्का म्हणाली. "तूच हालतोयस."

३

दोन दिवसांत सगळी ऑपरेशनं आटोपली. पुरुष एकोणसाठ, बायका बासष्ट, मिळून एकशे एकवीस. बाकं बाहेर काढून वर्गांत चटया टाकल्या होत्या. सगळे उताणे, डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या, कपाळावर नंबर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सहा दिवस मान हलवायची नाही, खोकायचं नाही आणि मोठ्यानं हसायचं नाही, असा हुकूम होता.

हसायचं नाही म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पुरुषांच्या खोलीत पडघ्याचा चांगदेव होता, जन्मभर बैलगाडी हाकलेला. तो पडल्या पडल्या बैलांना शिव्या घालायचा त्या तालात डॉक्टरांची नक्कल करायचा. शेजारचे रहीमचाचा ओठ दाबून म्हणायचे, "चुप कर यार, टाँका टूटेगा मेरा!" आणि अख्ख्या खोलीची पोटं हलायची. बायकांकडे वेगळाच खेळ चालायचा. दारातून कोण आलं ते पावलांवरून ओळखायचं. हरणारीनं गाणं म्हणायचं. दुपारभर बायकांच्या दोन्ही खोल्यांतून बारीक आवाजात लग्नातली गाणी चाललेली असत, आणि व्हरांड्यात नातेवाईक डबे उघडून एकमेकांना सुकट वाढत बसलेले असत. केसरीनाथला वाटायचं, इतकी आनंदी जागा आपण आयुष्यात पाहिली नाही.

तो सकाळ-संध्याकाळ आक्काला स्वतः भरवायचा. चमच्याचमच्यानं शिरा, वर कोमट दूध. चंद्रा मागच्या अंगणात स्वयंपाकावर होती.

तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता चंद्रा म्हणाली, "आक्कांना ऊन लागतंय हो. खिडकीला एखादं धोतर बांधा."

"खिडकी कुठली? आक्का दाराशी आहे."

"दाराशी कशा असतील? मी आत्ताच भरवून आले ना. खिडकीशी."

"तू भरवलंस? मीपण भरवलं."

"तरीच म्हणाल्या, पोट फुटंल माझं," चंद्रा हसली. केसरीनाथही हसला. एवढ्या चटया, एवढ्या पट्ट्या, चंद्रानं भलत्याच म्हातारीला शिरा चारला असणार. चारला तर चारला. त्यानं खिडकीचा विषय तिथेच सोडून दिला.

४

चौथ्या दिवशी सकाळी चंद्रानं त्याला अंगणात बोलावलं. धुतलेल्या वाट्या तिनं दहा-दहाच्या रांगेत पालथ्या घातल्या होत्या.

"पेशंट किती?"

"एकशे एकवीस."

"वाट्या एकशे बावीस जातात. काल पण. परवा पण. एकही भरलेली परत येत न्हाय."

कुणीतरी नातेवाईक आत लोळून फुकटचा शिरा खात असेल, असं त्याला वाटलं. त्याला हसू आलं आणि रागही आला. त्यानं यादी घेतली आणि अनंता गुरुजींना घेऊन हजेरी घेतली. नंबर पुकारला की पेशंटनं ओ द्यायची. पुरुषांचे एकोणसाठ बरोबर आले. बायकांच्या दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या, मध्ये लाकडी पार्टिशन. तो व्हरांड्यात दोन्ही दारांच्या मध्ये उभा राहिला आणि दोनपासून एकशे चोवीसपर्यंत सम नंबर म्हणत गेला. प्रत्येक नंबराला एकच ओ आली. बासष्ट नंबर, बासष्ट उत्तरं.

मग त्यानं डोकी मोजली. पहिल्या खोलीत तीस. दुसऱ्या खोलीत तेहतीस.

"त्रेसष्ट," अनंता गुरुजी म्हणाले. "पुन्हा मोजा."

पुन्हा त्रेसष्ट. गुरुजींनी खडूनं भिंतीवर रेघा मारत मोजले, तरी त्रेसष्ट. नंबर पुकारले की बासष्ट, माणसं मोजली की त्रेसष्ट. बिननंबराचं कपाळ एकही नव्हतं. भर सकाळी दहाचं ऊन व्हरांड्यात आलं होतं, कुणाचं तरी पोर फटाक्याची रिकामी नळी घेऊन पळत होतं, आणि केसरीनाथच्या पाठीवरून घामाची एक धार सरळ खाली गेली.

कारण त्याला एवढं कळत होतं की त्यानं एकाही नंबराचा तिसरा ठसा मारलेला नाही.

५

"तू त्या खोलीत जा," तो चंद्राला म्हणाला. "मी या खोलीत. मी मोठ्यानं नंबर म्हणतो. तुझ्याकडून ओ आली की व्हरांड्यात हात वर कर, मला दारातून दिसेल."

पार्टिशनला टेकून तो उभा राहिला. दोन, चार, सहा. कधी त्याच्या खोलीतून ओ यायची, कधी पलीकडून, आणि पलीकडून आली की चंद्राचा हिरव्या बांगड्यांचा हात दारात दिसायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. बायकांना हाही एक खेळच वाटत होता.

"चौऱ्याहत्तर."

"हाय रं बाबा, कुठं जातेय," दाराशी निजलेली आक्का म्हणाली, आणि तिच्या आजूबाजूच्या बायका हसल्या.

दारात चंद्राचा हात वर झाला.

त्याला वाटलं, चुकून केला असेल. तो बाहेर आला. चंद्राही बाहेर आली. तिचा हात अजून वरच होता, खाली घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं.

"आक्का इकडं हायत," ती म्हणाली. "म्हणाल्या, 'हाय रं बाबा, कुठं जातेय.'"

तो पलीकडच्या खोलीत गेला. खिडकीशी, उन्हात, आक्का पडली होती. तीच हनुवटीवरची गोंदणाची तीन टिंबं. तेच पायाचं वाकडं बोट. कपाळावर चौऱ्याहत्तर, आणि त्यातला चार लंगडा.

इतके दिवस दोघी ओ देत होत्या. एकाच क्षणी, एकाच शब्दात, एकाच श्वासात. म्हणून त्याला एकच ऐकू येत होतं.

६

माणसाची बुद्धी अशा वेळी काय काय करते बघा. केसरीनाथनं आधी मशीनवर संशय घेतला, मग गुरुजींवर, मग आपल्या डोळ्यांवर. मग आक्काला जुळी बहीण असेल आणि बापानं सांगितलं नसेल, इथवर तो गेला. शेवटी त्यानं आणि चंद्रानं ठरवलं की प्रश्न विचारायचे. तो दाराशी बसला, चंद्रा खिडकीशी. पलीकडच्यांना संशय नको म्हणून हळू बोलायचं. प्रश्न आधी ठरवून घेतले होते. उत्तरं मनात ठेवायची आणि बाहेर येऊन जुळवायची.

"आक्का, मी साळेतून पळून आलो तेव्हा तू मला कशानं मारलंस?"

"मारलं कुठं रं? मारायला काठी घेतली आन् तीच पाठीमागं टाकून तुला जेवाया वाढलं."

"आक्का, माझ्या लग्नात तुझं काय हरवलं?"

"नाचताना एक जोडवं. त्ये तुझ्या सासऱ्याला गावलं आन् त्यानं कवा सांगितलं न्हाय. चंद्रीला इचार."

त्याला रडू फुटेल की हसू, ते समजेना. ही त्याची आक्का होती. दुसरी कुणी असूच शकत नव्हती. तो हळूच उठून बाहेर आला, आणि चंद्राही पदरानं डोळे पुसत बाहेर आली.

"काठी टाकली आणि जेवायला वाढलं," ती म्हणाली. "आणि जोडव्याचं माझ्या बापाचं नाव घेतलं त्यांनी. आहो, आतली आपलीच आक्का हाय."

"माझी पण," तो म्हणाला.

डॉक्टरांना सांगायचं का? सांगायचं काय? वहीत चौऱ्याहत्तरचं ऑपरेशन एकदाच झालेलं होतं, उजवा डोळा. परवा पट्टी उघडताना डॉक्टर नंबर पुकारणार, एक चौऱ्याहत्तर पुढे येणार, तिला चष्म्याची चिठ्ठी मिळणार, औषधं मिळणार. दुसरीला म्हणणार, "तुमचं झालंय, मावशी." मग ती पट्टीसकट कुठेतरी निघून जाणार. आणि ती कोण असणार? पडघ्याची ती बाई, की त्याची सख्खी बहीण?

७

कारखान्यात एका नंबराचे दोन ताके आले असते तर केसरीनाथनं काय केलं असतं? खरा कुठला हे विचारलंच नसतं. एकावर पुढचा नंबर मारला असता, वहीत चढवला असता, की दोन्ही ताके सरळ. दोन्ही माल. कापडाला भाऊ नसतो, म्हणून ते सोपं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी त्यानं बायकांच्या डब्यातून वरची चिठ्ठी उचलली. एकशे सव्वीस. ती कुणाच्या कपाळावर लावायची, यावर मागच्या अंगणात नवरा-बायकोचं भांडण झालं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण एवढ्या हळू आवाजात एवढं मोठं भांडण त्यांनी कधी केलं नव्हतं.

"खिडकीतल्या आक्का आपल्या हायत. मी त्यांना भरवलंय."

"मी दाराशी भरवलंय चंद्रा. रोज दोन-दोन वेळा. तो घास मी परक्या बाईला दिला म्हणतेस?"

"आणि मी दिला म्हणता तुम्ही."

पण नंबराचा माणूस तो होता, चंद्रा नव्हती, आणि तेवढ्या जोरावर त्यानं आपलं खरं केलं. तो खिडकीशी गेला. खाली बसला. म्हातारीच्या कपाळावरची चौऱ्याहत्तरची पट्टी त्यानं नखानं हळूहळू सोडवली.

"केसऱ्या," ती म्हणाली, "हात गार का रं तुझा?"

त्यानं एकशे सव्वीसची पट्टी लावली आणि अंगठ्यानं दाबली. मग चिठ्ठी गुडघ्यावर धरून पेन्सिल काढली.

"नाव?" त्यानं विचारलं. पुन्हा विचारलं, "तुमचं नाव?"

उन्हात धूळ तरंगत होती. मग तिनं एक लांब श्वास घेतला. बसमधून उतरल्यावर माणूस घेतो तसा.

"तुळजा," ती म्हणाली. आवाज जवळजवळ तोच होता. "कोण हाय? पानी मिळंल का बाबा?"

"गाव कुठलं तुमचं?"

"न्हाय आठवत."

त्याच वेळी पार्टिशनपलीकडून आक्कानं हाक मारली, "केसऱ्या, कुठं मेलास रं?" आणि केसरीनाथ दचकला. हाक एकटीची होती. पातळ वाटली. इतके दिवस आपण तिचा आवाज दोन पदरांचा ऐकत होतो, हे त्याला तेव्हा समजलं.

त्यानं तुळजाला पाणी पाजलं. मग डोकी मोजली. त्रेसष्ट नंबर, त्रेसष्ट माणसं. हिशेब जुळला होता. एकच विचार त्याला सोडेना. त्यानं जिला नवा नंबर लावला ती तुळजा झाली. दाराशी लावला असता, तर?

८

पट्ट्या उघडायचा दिवस म्हणजे शाळेत जत्राच होती. नातेवाईकांनी नवे कपडे घातले होते, का तर म्हणे आपल्या माणसाला पहिल्यांदा आपण चांगले दिसावं. कुणीतरी बँडवाला आणला होता, डॉक्टरांनी त्याला फाटकाबाहेर उभा केला. चांगदेवची पट्टी निघाली तेव्हा त्यानं समोरच्या डॉक्टरांकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आवाजावरनं मला तुम्ही गोरे वाटला होता." रहीमचाचांना त्यांचा नातू दिसला. ते नुसते त्याच्या शर्टाची बटणं मोजत बसले.

"चौऱ्याहत्तर."

केसरीनाथनं आक्काचा हात धरला. डॉक्टरांनी पट्टी सोडवली, कापूस काढला, टॉर्च मारला. मग जरा वाकून पुन्हा पाहिलं.

"कमाल आहे," ते म्हणाले. "हा डोळा तर पूर्ण भरलाय. वर्षापूर्वीचं ऑपरेशन असावं असा. मावशी, तुमची तब्येत दणकट आहे." आणि हसत हसत त्यांनी भिंगाचा चष्मा तिच्या नाकावर ठेवला.

आक्कानं पाहिलं. आधी उजेडाकडे, मग आपल्या हातांकडे, मग त्याच्याकडे. डोक्यापासून पायापर्यंत.

"ह्यो टकल्या कोण?" ती म्हणाली. "माझा केसऱ्या कुठाय?"

सगळी खोली हसत सुटली. आता हसायला बंदी नव्हती. केसरीनाथ हसता हसता रडला आणि आक्कानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याचं नाक, त्याचे कान, सगळं बोटांनी आणि डोळ्यांनी एकदमच वाचलं. असा आनंद माणसाला आयुष्यात एकदा मिळाला तरी पुष्कळ झालं. त्या आनंदात डॉक्टरांचं ते वाक्य त्याच्या कानांवरून गेलं आणि आत कुठेतरी जाऊन बसलं.

"एकशे सव्वीस. शेवटचा नंबर ना?"

तिच्याजवळ कुणीच नव्हतं, फक्त चंद्रा होती. चंद्रानं तिचा हात धरला होता. केसरीनाथला पुढे जायचं नव्हतं, तरी तो गेला. पट्टी सुटली. डोळा लाल होता, ओला होता, टाके ताजे होते.

"हा आपला नेहमीसारखा सहाव्या दिवसाचा डोळा," डॉक्टर म्हणाले. "छान आहे. पण हे नाव माझ्या ऑपरेशनच्या यादीत कसं नाही?"

तेव्हा ते आत बसलेलं वाक्य उठून त्याच्यासमोर उभं राहिलं. या आठवड्यात डॉक्टरांनी आक्काचा डोळा कापला होता. तो डोळा हा होता. दाराशी पट्टी घेऊन निजली होती ती पडघ्याची, वर्षभर कुणी नंबर पुकारायची वाट बघत असलेली. आणि आता तिला त्याची शाळा, काठी, जोडवं, सगळं आठवत होतं. ती त्याची आक्का होती. नंबर त्यानंच तर तिच्याकडे ठेवला होता.

तुळजानं डोळा किलकिला करून त्याच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहतात तसं, सभ्यपणे.

"तू कोण रं बाबा?"

मागे, शेजारच्या खोलीच्या दारात, आक्का चष्मा सावरत सगळ्यांना दाखवत होती की बघा, भिंतीवरचा नकाशा दिसतो मला. चंद्रा उठली. तिनं तुळजाच्या खांद्यावरून पदर नीट केला.

"डॉक्टर, यादीचं राहू द्या. यांना न्यायला कुणी आलेलं न्हाय," ती म्हणाली. "मी सहा दिवस भरवलंय. ह्या माझ्या घरी येतात."

मग ती नवऱ्याकडे वळली. तिला सगळं समजलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ती एक शब्दही बोलली नाही, आणि त्याबद्दल केसरीनाथ जन्मभर तिचा ऋणी राहिला.

९

आक्काला तुळजा पाहताक्षणी आवडली. दोघी पूर्ण्यापर्यंत बैलगाडीत शेजारी बसून आल्या, आणि वाटेत दिसेल ते एकमेकींना दाखवत राहिल्या: चिंच, बगळा, कुणाची तरी लाल साडी. घरी आल्यावर आक्का ओट्यावर बसली आणि जमलेल्या शेजारणींना शिबिराच्या गोष्टी सांगू लागली. तुळजा आत आली. या घरात ती पहिल्यांदाच येत होती. कुणाला न विचारता ती चुलीपाशी गेली, फळीवरच्या पिठाच्या डब्यामागे हात घातला, तिथून काडेपेटी काढली आणि चूल पेटवली.

चंद्रानं ते पाहिलं. केसरीनाथनंही पाहिलं. चंद्रानं तांदूळ धुवायला घेतले.

तेव्हापासून त्या घरात दोन म्हाताऱ्या आहेत आणि हसण्याला तोटा नाही. एकीला सगळं आठवतं आणि दुसरी ते ऐकून हसते. कधी कधी आक्का जुनी गोष्ट सांगताना मध्येच अडखळते. तेव्हा तुळजा सहज पुढचा शब्द देते, आणि मग स्वतःच चमकून गप्प होते. केसरीनाथ तेवढ्यापुरता उठून बाहेर जातो. अंगणात उभा राहतो. परत येतो तेव्हा दोघींच्या ताटात सारखंच वाढलेलं आहे ना, एवढं पाहतो.

माघ महिन्यात तो भिवंडीला रेशनकार्डावर नाव वाढवायला गेला. खिडकीतल्या कारकुनानं जुनं कार्ड उघडलं, पेन झटकलं.

"नाव?"

"तुळजा."

"नातं?"

केसरीनाथनं एकदा रस्त्याकडे पाहिलं. कापडाचे गठ्ठे घेऊन हातगाडी चालली होती.

"बहीण."

"बहीण तर इथे आहे. हौसा." कारकुनानं कार्डावर बोट ठेवलं. "मागच्या साली एकच होती की हो तुम्हाला."

"एकच लिहिली होती, साहेब."

कारकुनानं त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि लिहायला घेतलं. मग थांबला.

"सख्खी की मानलेली?"

"सख्खी," केसरीनाथ म्हणाला. "दोन्ही सख्ख्या."